नोव्हेंबरपर्यंत वैध

चोर्ली, शनिवार, २ मार्च २०२४

हिल्डा,

पाकीट पाहून तुला वाटेल, विनी गेली आणि कुणीतरी कळवतंय. गेलेली नाही. पत्ता माझ्याच अक्षरात आहे, नीट बघ.

दीड वर्ष मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. सख्खा भाऊ गेला आणि तू फुलांचं एक चक्र पाठवून मोकळी झालीस. वर चिठ्ठी : 'कंबरेमुळे प्रवास जमत नाही.' त्याच महिन्यात तू रोझलिनला फोटो पाठवलास, त्यात तू शिडीवर चढून काठीने ऑलिव्ह झोडपते आहेस. ज्या पोरीने नुकतंच बापाला मातीत ठेवलं, तिला तो फोटो! तिने मला दाखवला तेव्हा मी एवढंच म्हणाले, 'आत्याची कंबर छान दिसते आहे.'

तर, मी येते आहे. मंगळवार १६ एप्रिलला मँचेस्टरहून मालागा, पाच दिवसांसाठी. मालागाहून तुझ्या डोंगरापर्यंत बस असते म्हणे. नसली तर तू बघ काय ते. फादर गिलो यांनी उपवासकाळात सगळ्यांना सांगितलं, चॉकलेट सोडण्यापेक्षा मनातली अढी सोडा. मी म्हणाले, 'फादर, चॉकलेट सोपं आहे.' ते म्हणाले, 'म्हणूनच.'

तेव्हा ही अढी मी फादरांच्या सांगण्यावरून सोडते आहे, तुझ्यासाठी नाही. मे महिन्याच्या शेवटी माझं एक काम आहे. ते पुढे ढकलता येण्यासारखं नाही. त्याआधी आपण दोघींनी एका टेबलाशी बसायला हवं. मला तुला एकच विचारायचं आहे : ऑस्टिनच्या वेळी तू का आली नाहीस? कंबर सांगू नकोस. खरं कारण सांग. फोनवर नको. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि तुझ्या त्या डोंगरात आवाज मध्येच तुटला की कोण कुणावर उखडलंय तेही कळेनासं होतं.

पासपोर्ट बघून घेतला. ३ नोव्हेंबर २०२४ पर्यंत आहे. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून मी या गावाचे पासपोर्टचे अर्ज तपासले आहेत, त्यामुळे मला कुणी शिकवायला नको.

तुझी थोरली बहीण,
विनिफ्रेड


चोर्ली, बुधवार, १७ एप्रिल

हिल्डा,

काल तू मालागाच्या विमानतळावर उभी राहिली असशील, सगळे उतरले असतील, आणि मी नसेन. रोझलिनने तुला निरोप पाठवला असं म्हणते. निरोपात काय लिहिलं कोण जाणे, म्हणून मी स्वतः लिहिते.

मला जाऊ दिलं नाही. मला! बॅगा घेणाऱ्या काउंटरवर एक पोर होती, पापण्या कुंचे लावल्यासारख्या. पासपोर्ट उलटापालटा केला आणि म्हणते,

'आजी, हा चालणार नाही.'

'मी तुझी आजी नाही. का चालणार नाही?'

'दहा वर्षं होऊन गेली याला.'

'नोव्हेंबर लिहिलंय तिथे. वाचता येतं ना?'

'येतं हो. पण युरोपात शिरायचं तर पासपोर्ट काढल्याला दहा वर्षं झालेली चालत नाहीत. तुमचा ३ फेब्रुवारी २०१४चा आहे.'

'मी मुदतीच्या नऊ महिने आधी नवा काढला होता. उरलेले नऊ महिने सरकारने पुढच्यात मिळवून दिले. तेव्हा तशी पद्धत होती. मीच सगळ्यांना सांगायची.'

'आता तिकडचे ते महिने धरत नाहीत.'

'मग हा संपला का?'

'नाही नाही. वैध आहे नोव्हेंबरपर्यंत.'

'वैध आहे.'

'हो.'

'आणि चालत नाही.'

'तिकडे नाही चालत.'

'पोरी, तुझ्या शाळेत वैध या शब्दाचा अर्थ काय शिकवला होता?'

तिने साहेबाला बोलावलं. साहेब म्हणजे तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, हनुवटीवर आठ-दहा केस. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला नेलं तर तिथले लोक तुम्हाला त्याच विमानाने परत धाडतील आणि आम्हाला दंड करतील.' मी पासपोर्टचं पहिलं पान उघडलं आणि रांगेला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. राणीच्या नावाने लिहिलंय तिथे, हिल्डा, विनंतीही आणि आज्ञाही, की ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांनी या बाईला विनाअडथळा जाऊ द्यावं. मागून एक जण, अर्धी चड्डी, सकाळी सातला बिअर प्यालेला, म्हणाला, 'आज्जे, राणी गेली. तूही सरक आता बाजूला.' रांग हसली.

मी बाजूला झाले. बाकावर बसून तुझ्यासाठी आणलेल्या दोन बटर पाय खाल्ल्या. मांस न खायच्या शुक्रवारच्या, बटाटा-कांदा भरून भाजलेल्या, आई करायची तशा. शेजारची बाई म्हणाली, त्याही नेता आल्या नसत्या, लोणी आहे ना आत, युरोपात लोणी नेता येत नाही. मला वाटतं, ती थट्टा करत असावी. पण आता मला कशाचीच खात्री उरलेली नाही.

मी तक्रारीचं पत्र लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत नवा पासपोर्ट काढणार नाही. जी वस्तू संपलेलीच नाही ती मी बदलू कशाला? हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

विनिफ्रेड


चोर्ली, गुरुवार, २ मे

हिल्डा,

तुझं पत्र आलं. पाच ओळींचं. त्यातल्या तीन मी तुला परत वाचून दाखवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला कळेल. 'वैध पासपोर्टवर कुणी माणसाला परत पाठवतं का, विनी? यायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस. मी तुला कंबर सांगितली, तू मला पासपोर्ट सांगतेस. फिट्टंफाट.'

फिट्टंफाट! मी मँचेस्टरच्या विमानतळावर बॅगेसकट माघारी वळले, येताना टॅक्सीवाल्याने विचारलं, 'कशी झाली सहल?', आणि तू म्हणतेस मी बहाणा करते. सिस्टर इमेल्डाच्या वर्गात मी एकदाच खोटं बोलले होते आणि त्याबद्दल आठवडाभर जेवणाच्या खोलीत उभी राहिले होते. तेव्हापासून सवय नाही.

तरी तुझ्यासाठी पुन्हा चौकशी केली. आणि बाई गं, डोकं फिरायची पाळी आली. डक्सबरीबाई, त्या शेजारच्या, म्हणाल्या पासपोर्टात सहा महिने उरलेले हवेत. त्यांचा भाचा म्हणाला, तीन. त्याची बायको म्हणाली, सहा महिने ते तुर्कस्तानला. स्पेनला तीन, पण ते परतीच्या दिवसापासून मोजायचे, आणि दहा वर्षं मात्र जायच्या दिवसापासून. दक्षिण आफ्रिकेला पानं कोरी लागतात. आयर्लंडला काहीच लागत नाही, पण विमानवाल्याला लागतं. अमेरिकेला व्हिसा लागत नाही, पण व्हिसा लागत नाही याची परवानगी लागते. फादर गिलो म्हणाले, त्यांच्या आजीचा जन्म मेयोचा, म्हणून त्यांनी आयरिश पासपोर्ट काढला आहे आणि ते कुठेही जातात. आपली आजी कुठली गं? विगन. काय उपयोग.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशा होता, आठवतो? गुलाबी रंग असेल तिथे आपण, बाकीचं ते. मला वाटायचं, मोठं झालं की गुलाबी सोडून बाकीच्या ठिकाणीही जाता येतं. आता बाकीचे म्हणतात, आधी तारीख दाखवा.

तक्रारीचं उत्तर आलं. त्यात माझ्या भावना त्यांना समजतात असं लिहिलंय. माझ्या भावना मलाही समजतात, मला नियम समजावून हवा होता. नव्या पासपोर्टला तीन आठवडे लागतात आणि कधी जास्तही. लिव्हरपूलला स्वतः गेलं तर लवकर मिळतो, पण तिथली रांग महिनाअखेरपर्यंत भरलेली आहे.

तेव्हा आता तू ये.

का, ते रोझलिन म्हणते मी तुला सांगावं. मला सांगायचं नव्हतं, कारण मग तू दयेपोटी येशील आणि खरं उत्तर देणार नाहीस. बरं, ऐक. माझ्या पोटात गाठ निघाली आहे, आतड्याला. २८ मेला काढणार आहेत. डॉक्टरबाई चांगली आहे, केरळची, नजरेला नजर देऊन बोलते. मी विचारलं, 'मी उठेन ना?' ती म्हणाली, 'बहुतेक जण उठतात.' मी म्हणाले, 'बहुतेक जणांचं मी विचारलं नाही.' त्यावर तिने उगाच धीर दिला नाही. मला ते आवडलं.

तुझा पासपोर्ट २०१९चा आहे, तुला दहा वर्षांची भानगड नाही. इंग्रज बाईला इंग्लंडात यायला काय लागतं? काही नाही. विमानात बस आणि ये. मागची खोली उघडून हवेशीर केली आहे.

विनी


चोर्ली, मंगळवार, १४ मे

हिल्डा,

तुझं उत्तर रोझलिनच्या मोबाइलवर आलं, तिने ते छापून आणलं. मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते. चुकत असेन तर सांग, कारण या वर्षात मला एकही गोष्ट पहिल्या फटक्यात कळलेली नाही.

आपण युरोपातून बाहेर पडलो. त्यानंतर इंग्रज माणसाने स्पेनात पाहुणा म्हणून राहायचं तर सलग सहा महिन्यांत नव्वद दिवस. जे आधीपासून तिथे राहत होते त्यांनी कागद दाखवून राहण्याचं कार्ड घ्यायचं होतं. तू आणि डेरेक वीस वर्षं त्या डोंगरावर राहिलात, पण एकाही कागदावर तिथे राहत नव्हतात. कागदावर तुम्ही ऑस्टिनच्या घरी, इथे चोर्लीत राहत होतात. पेन्शनची पत्रं इथे, डॉक्टर इथला. तो स्पॅनिश कर वाचला म्हणून डेरेक दर नाताळला ऑस्टिनला व्हिस्की पाठवायचा. मला वाटायचं मेव्हण्याचं प्रेम.

तिथल्या नगरपालिकेत एकदा नाव घाल, असं त्याला त्या एन्कार्नाने, तुझ्या शेजारणीने, किती वेळा सांगितलं असं तू लिहितेस. आणि तो काय म्हणायचा? 'नोंदणी परदेशी लोकांची असते. आपण थोडेच परदेशी?' स्पेनात बसून! त्याचा फोटो माझ्या भिंतीवर आहे, म्हणून बरं, समोर असता तर चपराक खाल्ली असती. आपली माणसं अशीच गं. दुसरे आले की ते येऊन बसलेले, आपण गेलो की आपण राहायला गेलेलो.

तर तो गेला, नियम बदलले, तुझ्याकडे पुरावा काही नाही, आणि २०२१च्या वसंतापासून तू तिथे बेकायदा आहेस. विमानतळावर गेलीस तर ते पासपोर्टावरचा आत येण्याचा शिक्का बघतील, दिवस मोजतील, आणि जाऊ देतील. जाऊ देतील, पण परत येऊ देणार नाहीत. काही वर्षं तरी नाही. आणि आपल्या वयात काही वर्षं म्हणजे काय ते मला सांगायला नको. घर तिकडे. लिंबाची झाडं तिकडे. डेरेक तिकडे, दफनभूमीच्या भिंतीतल्या त्या कप्प्यात.

म्हणून तू ऑस्टिनला आली नाहीस.

कंबरेचं मी विसरले. तूही विसर. पण मला एक सांग, तू हे मला का नाही सांगितलंस? त्याचंही उत्तर तू दिलं आहेस : 'तू काउंटरवरची बाई. लोकांचे अर्ज परत करताना तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. तो चेहरा मला माझ्यासाठी बघायचा नव्हता.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आरशात जाऊन बघितलं. काय असतं माझ्या चेहऱ्यात? मला तर काही दिसलं नाही. डक्सबरीबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, 'अहो, आम्ही तुमच्यासमोर यायचो तेव्हा आपलंच नाव आठवायचं नाही.'

आता शेवटची ओळ. तू लिहितेस, 'पण आता मी येते. २५ तारखेचं तिकीट बघितलंय. किल्ली एन्कार्नाला देते. परतायचं नंतर बघू.'

खबरदार!

नंतर काही बघू नाही. नंतर तुला दारात उभं करतील आणि सांगतील, बाई, नाही. मी त्या दाराच्या अलीकडून परत आले आहे, मला ठाऊक आहे. मी एका सहलीला मुकले. तू घराला मुकशील. माझ्या एका गाठीसाठी तू तुझं सगळं आयुष्य बाहेर काढून ठेवणार? मग मी उठले तर तुला घेऊन काय करू? तुला इथली थंडी सोसत नाही, तू खोल्या पेटवून ठेवशील. आणि उठले नाही तर तू माझ्या मागच्या खोलीत एकटी.

तर ऐक. जिब्राल्टर.

परवा चहा पिताना लक्षात आलं. नकाशावरचा तो तुझ्या पायथ्याशी पडलेला गुलाबी ठिपका. ते आपलंच आहे. तिथे माझा पासपोर्ट चालतो. तीन ठिकाणी विचारलं आणि या साऱ्या प्रकरणात पहिल्यांदाच तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं : मुदत संपायच्या आत या, झालं. मँचेस्टरहून थेट विमान आहे. डॉक्टरबाईंना विचारलं, म्हणाल्या जा, पण जड उचलू नका. तक्रार करत बसले आणि पासपोर्ट नव्यासाठी पाठवला नाही हे किती बरं झालं बघ. तत्त्व कधीकधी उपयोगी पडतं.

मला स्पेनात शिरता येत नाही. तुला स्पेनातून निघता येत नाही. पण मध्ये कुंपण आहे ना? कुंपणापर्यंत यायला दोघींनाही कुणाची परवानगी लागत नाही. तुझ्या बाजूला ला लिनेआ गाव, माझ्या बाजूला समुद्रकिनाऱ्याची छोटी पट्टी. बुधवार २२ मे, दुपारी बारा. तू घरातून बसने ये, आणि पासपोर्ट घरीच ठेव. मोह नको.

एकच धास्ती आहे. तिथे वारा आडवा सुटला की विमान उतरत नाही, मालागाला नेतात. म्हणजे ज्या देशात मला पाऊल टाकायची बंदी तिथेच मला वारा नेऊन टाकेल. मग काय, असं विमानवाल्यांना फोनवर विचारलं. तो मुलगा म्हणाला, 'बाई, तुम्ही प्रार्थना वगैरे करता का?'

पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही. रोझलिन याचा फोटो काढून तुला धाडते आहे. उत्तर एका शब्दाचं दे.

विनी


जिब्राल्टर, बुधवार, २२ मे, संध्याकाळ

हिल्डा,

तू बसमध्ये असशील अजून. मी इथे ओलिवेरोबाईंच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याशी बसून लिहिते आहे. आपण ओरडून इतकं बोललो की घसा बसला. पण बरंच राहिलं, आणि एक गोष्ट तर मला ओरडून सांगायची नव्हती.

आधी तुला जे दिसलं नाही ते सांगते. ओलिवेरोबाई माझ्या घरमालकीण, एका रात्रीपुरत्या. कुंपणापाशी जायचंय म्हटल्यावर त्यांनी एप्रन सोडला, लिपस्टिक लावली आणि म्हणाल्या, 'चला, मी येते. तुम्हाला ओरडता येत नाही. इंग्रजांना येतच नाही.' त्या दोन वर्षांच्या असताना स्पेनने हा दरवाजा बंद केला होता, आणि त्या शाळा संपवून कामाला लागल्या तरी तो बंदच होता. आजी पलीकडे, आई अलीकडे. रविवारी सगळं गाव कुंपणाशी येऊन आपापल्या माणसांशी ओरडायचं. 'माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईने त्याला असा वर धरला,' त्या म्हणाल्या, 'आणि आजी तिकडून ओरडली, नाक बापाचं आहे गं, बिचारा!'

म्हणजे आपण काही नवीन केलं नाही.

पोलीस आला तेव्हा काय झालं तेही तुला वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. तो म्हणाला, 'इथे थांबता येणार नाही, बाई.' ओलिवेरोबाई म्हणाल्या, 'आल्फ्रेडो, तुझी आजी ह्याच जागी उभी राहून तुझ्या आजोबाला शिव्या घालायची. त्या माणसाने तिकडून लग्नाचं विचारलं, तेही इथेच. तू इथेच ठरलास. जा, पाणी आण यांच्यासाठी.' आणि तो गेला. आणलंही.

आता तुझं. तू आलीस ती बॅग घेऊन. पासपोर्ट घरी ठेव म्हटलं होतं, तो छातीशी धरलेला. तुझे केस सगळे पांढरे, आणि तू इतकी बारीक कधी झालीस? जाळी दोन पदरी, मध्ये हातभर जागा. बोटसुद्धा लागलं नाही. मी पहिलं वाक्य काय बोलायचं ते विमानात ठरवून आले होते, आणि तोंडातून निघालं, 'ती बॅग कशाला?'

'मी येते आहे. गेट त्या तिथे आहे. शंभर पावलं.'

'एक पाऊल टाकलंस तर मी परत जाईन.'

'कुठे परत जाशील? विमान उद्या आहे.'

'समुद्रात जाईन.'

'तुला पोहता येत नाही, विनी.'

'म्हणूनच सांगते.'

ओलिवेरोबाई हसल्या, तुझ्या बाजूचा तो मासे पकडणारा म्हाताराही हसला. आपण काय बोलतो ते त्याला कुठे कळत होतं? पण भांडण सगळ्यांना कळतं. मग तू रडायला लागलीस. मला वाटलं, आता ही चालू पडणार गेटकडे. माझ्या हातात काही नव्हतं, हिल्डा. मला तुला पकडताही आलं नसतं. आणि मग तू म्हणालीस, 'ऑस्टिनचं सांग. मला कुणी काही सांगितलंच नाही. कसं झालं?'

मी दीड वर्ष मनातल्या मनात तुला विचारत होते, का आली नाहीस. तू दीड वर्ष वाट बघत होतीस, कसं झालं ते कुणी सांगेल म्हणून. हे मला कळायला इतकं दूर यावं लागलं.

म्हणून मी सांगितलं. काही सोडलं नाही. शवपेटी कुणी खांद्यावर घेतली, आणि उंची सारखी नसल्यामुळे ती कशी एका बाजूला कलली. पेटीवाले किती वेळेवर आले आणि ऑर्गनवाला किती उशिरा. रोझलिन वाचायला उभी राहिली आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज गेला, मग डक्सबरीबाईंचा नवरा, जो जन्मात कधी बोलला नाही, तो पुढे आला आणि त्याने उरलेलं वाचलं. ऑस्टिनला निळा टाय घातला होता. हातात आईची जपमाळ. नंतरच्या जेवणाला हॅम होतं आणि तरी निम्म्या लोकांनी बटर पायच घेतल्या, वार गुरुवार असून. फुटबॉलच्या क्लबातले सहा जण आले आणि सहाही जण ओक्साबोक्शी रडले. तुझं फुलांचं चक्र कुठे होतं, असं तू विचारलंस. पेटीवर होतं. मी दाराशी ठेवायला सांगितलं होतं, रोझलिनने ते उचलून पेटीवर ठेवलं.

शेवटचं गाणं कुठलं म्हटलंत, असं विचारलंस आणि मी सांगायच्या आतच तू सुरू केलंस. कसं ओळखलंस? मग मीही म्हटलं. वाऱ्यामुळे तू माझ्या एक ओळ पुढे होतीस. तो मासेवाला टोपी काढून उभा राहिला. आल्फ्रेडोही.

तेवढ्यात तू बॅग आडवी केलीस आणि तिच्यावर बसलीस. बसून ऐकायला लागलीस. तेव्हा मला कळलं, तू गेटकडे जात नाहीस.

आता जे ओरडून सांगायचं नव्हतं ते. येत्या मंगळवारच्या त्या कामाला मी घाबरले आहे. कुणाला सांगितलेलं नाही. रोझलिनला वाटतं, आत्या खमकी आहे. इथे ओट्याशी बसून मला कळत नाही की मी खरंच घाबरले आहे की मला फक्त भूक लागली आहे. ओलिवेरोबाई काहीतरी तळत आहेत.

उठले तर नव्या पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात टाकणार. सप्टेंबरात तुझ्या दारात येते. शिक्का कुठल्या पानावर मारायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं, मी वाद घालणार नाही. आणि मी येईपर्यंत तुझे सगळे कागद काढून ठेव. वीस वर्षांची विजेची बिलं, एन्कार्नाची साक्ष, डेरेकच्या कप्प्याची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, जे असेल ते. असा अर्ज भरते की तिकडच्या काउंटरवरच्या बाईला आपलंच नाव आठवणार नाही.

आणि उठले नाही, तर नीट ऐक. माझ्या अंत्यविधीला तू यायचं नाहीस. फुलं पाठव, कंबरेची चिठ्ठी पाठव, काहीही पाठव, पण घर सोडायचं नाही. मी मनाई करते आहे, आणि ही मनाई खरोखर चालते, तिला दहा वर्षांची अट नाही. रोझलिनला मी सांगून ठेवलंय. तिचा पासपोर्ट नवा आहे, ती सरळ तुझ्या डोंगरावर येईल. ती तुझ्या टेबलाशी बसून सगळं सांगेल. कोण आलं, कोण नाही आलं, पेटी कलली की नाही. काही गाळायचं नाही असं तिला बजावलंय.

त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नकोस. माझा विधी ऑस्टिनच्यापेक्षा लांब असणार आहे.

विनी